छेदात कोण मोजले जाते? विदर्भातून कंपन्यांचे मानवाधिकार अहवाल वाचतानाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, राळेगाव

कामाची व्याप्ती आज लेखी ठरवली. ज्यांचे कारखाने, खाणी किंवा वीज प्रकल्प विदर्भात आहेत, किंवा ज्यांचा कच्चा माल येथील शेतातून जातो, अशा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे अहवाल वाचायचे आणि मानवाधिकार व कामगार हक्कांविषयी त्यांत काय सांगितले आहे, किती सांगितले आहे आणि नेमके कोणाविषयी सांगितले आहे, हे एकाच मापाने मोजायचे. सिमेंट, कोळसा व वीज, सूत व कापड, बियाणे व कीटकनाशके असे चार गट घेतले आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडील धान गिरण्या आणि बिडीचे काम पुष्कळ हातांना रोजगार देत असले, तरी ते बहुतांशी नोंदणीकृत कंपन्यांच्या कक्षेबाहेर असल्यामुळे वगळले. या वगळण्याचा उल्लेख अंतिम अहवालात पहिल्याच पानावर करावा लागेल, कारण जे मोजमापाच्या बाहेर राहते त्याची स्थिती चांगली आहे, असा समज वाचकाचा सहज होतो.

साधन एकच राहील: शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने आणलेला व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल, म्हणजे बीआरएसआर. २०२१-२२ मध्ये तो ऐच्छिक होता आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना बंधनकारक झाला. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये दिलेली जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वे हा त्याचा पाया आहे. त्यांपैकी तिसरे तत्त्व कर्मचाऱ्यांच्या व मूल्यसाखळीतील, म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्या व तिचा माल घेणाऱ्या दुव्यांतील, माणसांच्या कल्याणाचे आणि पाचवे मानवाधिकारांचे आहे. आम्ही मुख्यतः ही दोन तत्त्वे, पहिल्या विभागातील मनुष्यबळाचे तक्ते आणि आठव्या तत्त्वातील ग्रामीण वेतनाचा प्रश्न घेणार आहोत.

जागतिक पातळीवर असे मोजमाप नवीन नाही. ‘कॉर्पोरेट ह्यूमन राइट्स बेंचमार्क’ या निर्देशांकाने २०१७ मध्ये ९८ मोठ्या कंपन्यांना पहिल्यांदा गुण दिले. मात्र तेथे कंपनीने आपल्या मर्जीने प्रसिद्ध केलेल्या कागदांतून उत्तर शोधावे लागते. आपल्याकडे प्रश्न सर्वांना तेच आणि त्याच क्रमाने विचारलेले असल्यामुळे उत्तर टाळले, तर ते टाळलेले दिसते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून वाचणाऱ्यांना ही मोठी सोय आहे.

१५ नोव्हेंबर

नोंदणीचा तक्ता तयार झाला. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराचे प्रकार आधी ठरवले: रिकामी जागा, ‘लागू नाही’, शून्य, संख्या, आणि केवळ होय किंवा नाही. रिकामी जागा व शून्य यांना एकच समजण्याची सवय अनेक तयार तक्त्यांमध्ये दिसते, आणि ती आम्हाला चालणार नाही. ‘लागू नाही’ या उत्तरासमोर कारण दिले आहे की नाही, याचाही वेगळा रकाना ठेवला आहे.

माझ्यासोबत दोघे आहेत. एक वाणिज्य शाखेची पदवीधर मुलगी, जिला ताळेबंद वाचता येतो. आणि दुसरे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, हयात घालवलेले निवृत्त दिवाणजी, ज्यांना ताळेबंदात काय येत नाही ते ठाऊक आहे.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचे मतदान होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५-ख नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते आणि ती रोजंदारीच्या कामगारालाही लागू आहे. दिवाणजी म्हणाले की, हा एक प्रश्न अहवालात असता, तर कंपनीचा कामगार आणि ठेकेदाराचा कामगार यांच्यातील अंतर एका ओळीत कळले असते. असा प्रश्न नाही, पण त्यांच्या बोलण्यामुळे आजचे काम योग्य जागी सुरू झाले.

अहवालातील जवळजवळ प्रत्येक आकडा टक्केवारीत असतो. टक्केवारी वाचताना नजर अंशावर जाते, कारण तेथे कंपनीची कामगिरी असते. छेद कोणी वाचत नाही. आज दिवसभर फक्त छेद तपासले.

पहिल्या विभागातील तक्त्यात कर्मचारी आणि कामगार असे दोन वर्ग आहेत आणि प्रत्येकाचे ‘स्थायी’ व ‘स्थायी व्यतिरिक्त’ असे दोन भाग पाडले आहेत. सिमेंट आणि वीज या गटांत स्थायी व्यतिरिक्त कामगारांची संख्या स्थायी कामगारांपेक्षा कितीतरी मोठी असणे ही नित्याची गोष्ट आहे. पुढच्या पानांवर हे मोठे शेपूट कोठे टिकते आणि कोठे गळते, ते पाहिले. विमा, प्रसूती लाभ, पाळणाघर यांच्या तक्त्यात दोन्ही भाग स्वतंत्रपणे विचारलेले आहेत. किमान वेतनाच्या तक्त्यातही आहेत. परंतु कंपनीने मान्य केलेल्या कामगार संघटनेच्या सदस्यत्वाचा प्रश्न केवळ स्थायी कर्मचारी व स्थायी कामगार यांच्यापुरता आहे. पालकत्व रजेनंतर कामावर परतण्याचे प्रमाण स्थायी मनुष्यबळाचेच विचारले आहे, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही त्यांचेच. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) व राज्य कामगार विमा यांच्या तक्त्यात ‘एकूण कामगारांच्या टक्केवारीत’ असे म्हटले आहे. त्या ‘एकूण’मध्ये ठेकेदाराचा माणूस आहे की नाही, हे कंपनीने स्वतःहून सांगितले तरच कळते.

म्हणजे संघटनेच्या रकान्यात एखाद्या कंपनीने शंभर टक्के सदस्यत्व दाखवले आणि तिच्या आवारात राबणारे बहुसंख्य लोक कोणत्याही मान्य संघटनेत नसले, तरी त्या अहवालात एक अक्षरही खोटे नसते. प्रश्नच तसा रचलेला आहे. आम्ही त्यासाठी तक्त्यात एक नवा स्तंभ घातला: प्रत्येक टक्केवारीसमोर तिचा छेद पहिल्या विभागातील एकूण मनुष्यबळाच्या किती भाग आहे, ते लिहायचे. ज्या प्रश्नाचा छेद लहान आहे, त्याचे गुण कमी करायचे नाहीत. फक्त छेदाची व्याप्ती शेजारी दाखवायची. गुण आणि व्याप्ती एकत्र गुंफले, तर वाचकाला दोन्ही दिसेनासे होतील, असे माझे मत आहे. सहकारी मुलीचे मत उलट आहे. तिला एकच अंक हवा आहे. हा वाद आज सुटला नाही.

३ डिसेंबर

आज दिवाणजींच्या ओळखीने एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये जाऊन आलो. हंगाम ऐन भरात आहे, कापसाच्या गंज्या वर चढल्या आहेत आणि रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, दोन पाळ्यांत चालू आहेत. मालकांनी अडवले नाही, पण कागद दाखवण्याचा विषय निघाला की बोलणे कापसाच्या भावाकडे वळत होते. या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आहे आणि बाजार त्याच्या खाली असल्यामुळे माल सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्राकडे वळतो आहे, त्यामुळे त्यांचे दुःखही अगदी खोटे नव्हते.

रेच्यांवरचे कामगार मध्य प्रदेश व छत्तीसगडमधून मुकादमाबरोबर आलेले, आणि बाया जवळच्या गावांतल्या. उचल मुकादमाने दिलेली, हजेरी मुकादमाकडे, हिशेब हंगामाच्या शेवटी. कचरा वेचणाऱ्या एका मावशींना तब्येतीबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “खोकला तं हंगामभर रायतेच, मॅडम, काम सुटलं का जाते.” कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील, म्हणजे शासनाला कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. परंतु जो खोकला काम सुटल्यावर थांबतो, तो घेऊन कोणी डॉक्टरकडे जात नाही, आणि डॉक्टरकडे न गेलेला आजार कोणाच्याही अहवालात येत नाही.

परतताना दिवाणजींनी एक गोष्ट सांगितली, ती घरी येऊन कायद्यात तपासली आणि तंतोतंत बरोबर निघाली. राज्य कामगार विमा कायदा, १९४८ हंगामी कारखान्यांना लागू होत नाही आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाची जिनिंग व प्रेसिंग नावानिशी आहे. उपदानाच्या १९७२ च्या कायद्यातही हंगामी आस्थापनेत दर वर्षाला पंधरा दिवसांच्या नव्हे, तर दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाचा हिशेब आहे. बीआरएसआरमध्ये कंपनीला ‘राज्य कामगार विम्याखाली किती टक्के’ असे विचारतात. साखळीच्या या टोकाला कायद्यानेच तो प्रश्न पुसून टाकलेला आहे. किमान वेतनाच्या अनुसूचीत मात्र जिनिंग-प्रेसिंग आहे. म्हणून साखळीच्या या टोकासाठी आम्ही विम्याचा प्रश्न बाजूला ठेवून किमान वेतन, हजेरीपत्रक आणि उचल हे तीन मुद्देच विचारणार आहोत.

खरी अडचण याहून मोठी आहे. ही जिनिंग भागीदारीची पेढी आहे, कंपनी नाही. तिची रुई दलालांमार्फत निरनिराळ्या सूतगिरण्यांत जाते, तेथून सूत कापड गिरणीत, आणि कुठेतरी चौथ्या-पाचव्या पायरीवर ती नोंदणीकृत कंपनी उभी असते, जिचा अहवाल माझ्या टेबलावर आहे. गाठीवर प्रेसचा क्रमांक असतो. सीसीआयने तर आपल्या गाठींवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली असून त्यातून खरेदीचे गाव आणि प्रक्रिया करणारा कारखाना कळतो. मालाचा माग ठेवणे अवघड आहे, असे यापुढे कोणत्याही कापड कंपनीने लिहिले, तर ते उत्तर आम्ही पुरेसे मानणार नाही.

२० डिसेंबर

सेबीच्या संचालक मंडळाच्या परवाच्या बैठकीत मूल्यसाखळीच्या प्रकटीकरणात सवलत देण्याचे ठरले, असे तिच्या प्रसिद्धीपत्रकावरून दिसते. परिपत्रक निघाल्यावर सविस्तर लिहीन.

६ जानेवारी २०२५

दोन वाचकांनी तेच अहवाल एकमेकांचे गुण न पाहता तपासण्याची पहिली फेरी पूर्ण झाली. आमची उत्तरे बहुतांश जुळली, आणि नेमके म्हणूनच मी त्या जुळण्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. बहुतेक प्रश्नांना बहुतेक कंपन्यांचे उत्तर ‘होय, धोरण आहे’ असेच असते. अशा वेळी दोन वाचक डोळे झाकूनही पुष्कळदा जुळतील. यासाठी सांख्यिकीत कोहेन यांचा कप्पा हा गुणांक वापरतात, आणि तो सहकारी मुलीला समजावून देताना घेतलेले काल्पनिक उदाहरण येथे ठेवते. समजा १०० उत्तरांपैकी दोन्ही वाचकांनी प्रत्येकी ९० ठिकाणी ‘होय’ लिहिले आणि ८८ ठिकाणी त्यांचे एकमत झाले. केवळ योगायोगाने होणारे एकमत ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.८२ येते. मग योगायोगाच्या पलीकडचे एकमत ०.०६ आणि ते शक्य असलेल्या ०.१८ पैकी, म्हणजे कप्पा ०.३३. ऐकायला ८८ टक्के एकमत उत्तम वाटते. प्रत्यक्षात त्या वाचकांना प्रश्न एकसारखा कळलेला नाही.

उपाय म्हणून ‘धोरण आहे का’ हा प्रश्न तोडून चार केले: धोरण कोणत्या तारखेचे, कोणाला लागू, कंत्राटदाराशी केलेल्या करारात त्याचा समावेश आहे का, आणि ते मराठीत किंवा हिंदीत उपलब्ध आहे का. शेवटचा प्रश्न बीआरएसआरमध्ये नाही. तो आम्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर शोधणार आहोत, कारण ज्या भाषेत धोरण कामगाराला वाचता येत नाही, त्या भाषेतील धोरण गुंतवणूकदारासाठी लिहिलेले असते.

राज्यात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. त्यामुळे वर्षभराची एकच ‘किमान वेतनाइतके’ ही टक्केवारी कोणत्या दराशी तुलना करून काढली, हे विचारण्याच्या यादीत घातले.

१८ जानेवारी

वणी-कोरपना रस्त्यावरील चहाच्या टपरीवर परिसरातील एका कारखान्याच्या कंत्राटी कामगारांशी पाळी सुटल्यावर बोलणे झाले. कारखान्याचे नाव या वहीत मुद्दाम लिहिलेले नाही, कारण येथून नाव आणि नावावरून माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

पाचव्या तत्त्वातील तक्रारींचा तक्ता लैंगिक छळ, भेदभाव, बालमजुरी, सक्तीची मजुरी, वेतन आणि इतर मानवाधिकार अशा ओळींचा आहे. वर्षात आलेल्या तक्रारी आणि वर्षअखेर प्रलंबित असलेल्या तक्रारी लिहायच्या असतात. आमच्या वाचनात हा तक्ता शून्यांनी भरलेला येणे इतके नेहमीचे झाले आहे की, एखादा आकडा दिसला तर आम्ही दोघी थांबून तो पुन्हा वाचतो. म्हणून आज विचारायचे ते एवढेच होते की, वेतनाची तक्रार असेल तर तुम्ही ती कोठे करता.

“पेटी हाय ना गेटपाशी,” एक जण म्हणाला, “पन चिठ्ठी टाकली तं अक्षर वळखू येते. अन् गेटपास कोनाच्या हातात हाय?” दुसऱ्याने सांगितले की, तो ज्याच्याकडे काम करतो तो पेटी कंत्राटदार, म्हणजे मूळ ठेकेदाराच्या हाताखालचा उपठेकेदार, आहे; मूळ ठेकेदाराला त्याने कधी पाहिलेलेच नाही आणि कंपनीच्या कामगार अधिकाऱ्याकडे जाणे म्हणजे दोघांनाही एकदम नाराज करणे. तक्रारदाराला त्रास होऊ नये म्हणून कोणती व्यवस्था आहे, असाही प्रश्न बीआरएसआरमध्ये आहे आणि त्याची उत्तरे भाषेच्या दृष्टीने फार नीटनेटकी असतात. गेटपासचे नूतनीकरण कोणाच्या सहीने होते, हे त्यांपैकी एकाही उत्तरात आम्हाला सापडलेले नाही. आणि या लोकांच्या लेखी साऱ्या व्यवस्थेची किल्ली तेथेच आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये मान्य केलेल्या व्यवसाय व मानवाधिकारांच्या ३१ मार्गदर्शक तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व तक्रार निवारणाचे निकष सांगते. ती व्यवस्था वैध, पोहोचता येईल अशी, अंदाज बांधता येईल अशी, समन्यायी, पारदर्शक, हक्कांशी सुसंगत आणि शिकत राहणारी हवी, आणि कंपनीच्या स्तरावरील व्यवस्था तर ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याशी बोलून उभारलेली हवी. या कसोटीवर शून्याचे दोन अर्थ होतात. जेथे लोकांना पेटी माहीत आहे, मागील वर्षी काही तक्रारी आल्या व सुटल्या आहेत, तेथील शून्य ही माहिती आहे. जेथे सलग सर्व वर्षे, सर्व ओळींत, हजारो माणसांच्या कारखान्यात शून्यच आहे, तेथे तो आकडा पेटीविषयी सांगतो, कामगारांविषयी नाही. आज रात्री नियम लिहिला: तक्रारींची संख्या कमी म्हणून कोणालाही जास्त गुण मिळणार नाहीत. संख्या शून्याहून अधिक असून ती कशी मिटली हे सांगितले असेल, तर प्रकटीकरणाचे पूर्ण गुण. फक्त शून्य असेल, तर अर्धे. शून्यासोबत व्यवस्था कंत्राटी कामगारांपर्यंत कशी पोहोचते ते सांगितले असेल, तर पूर्ण. सहकारी मुलीने विचारले की, यामुळे खरोखर चांगल्या कंपनीवर अन्याय होईल का. थोडा होऊ शकेल. पण ती कंपनी एक परिच्छेद लिहून तो दूर करू शकते, कामगाराला मात्र तेवढी सोय नाही.

मुख्य मालक, म्हणजे ज्या कंपनीच्या कामासाठी ठेकेदार माणसे लावतो ती, हात झटकू शकत नाही, याचेही टिपण ठेवते. कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१ प्रमाणे ठेकेदार वेतन वाटत असताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर राहून ते प्रमाणित करतो, आणि ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची असते. म्हणून ‘कंत्राटी कामगारांच्या वेतनाची माहिती ठेकेदाराकडे आहे’ या वाक्याला आमच्या तक्त्यात ‘माहिती दिली नाही’ असेच धरले जाईल.

५ फेब्रुवारी

एक्सबीआरएल या संगणकाला थेट वाचता येणाऱ्या स्वरूपातील आकडे शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरून उतरवून घेतले. वार्षिक अहवालाच्या पानांवरून आकडे हाताने टिपण्याचे काम त्यामुळे पुष्कळ वाचेल, पण खालच्या टिपा त्यात नीट येत नाहीत आणि छेदाविषयी जे काही सांगितलेले असते, ते बहुधा टिपांतच असते. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावे लागेल.

१७ फेब्रुवारी

अपघातांचा तक्ता घेतला. दर दहा लाख मनुष्यतासांमागे काम बुडवणाऱ्या किती दुखापती झाल्या, हा त्यातील मुख्य आकडा. २०२३ च्या सुधारित नमुन्यात ‘कामगार’ या शब्दाखाली कंत्राटी मनुष्यबळ धरून, अशी तळटीप आली आहे, ही चांगली सुधारणा आहे. तरीही अंश आणि छेद यांची वही एकच आहे का, हे तपासायला हवे, आणि त्याचे कारण पुढील कल्पित कारखान्यावरून कळेल. स्थायी कामगार ४००, कंत्राटी १,२००, प्रत्येकाचे वर्षाचे तास २,४००. दुखापती स्थायींमध्ये एक, कंत्राटींमध्ये सहा. स्थायींचा दर १.०४, कंत्राटींचा २.०८ आणि सर्वांचा मिळून १.८२ येतो. आता गेटवरच्या हजेरी यंत्रामुळे कंत्राटी कामगारांचे तास आपोआप मोजले गेले, पण त्यांच्या दुखापती ठेकेदाराने परस्पर खासगी दवाखान्यात मिटवल्या, असे समजू. मग दर उतरतो ०.२६ वर. कंत्राटी कामगारांना पूर्ण वगळले असते तरी आकडा १.०४ राहिला असता. छेदात घेऊन अंशात सोडल्यामुळे तो चौपट चांगला दिसू लागला. त्यामुळे अतिशय कमी दर आणि मोठे कंत्राटी मनुष्यबळ एकत्र आले, तर त्या कंपनीला दुखापतींची नोंद कोण ठेवते, हा प्रश्न पत्राने विचारायचा आहे.

कीटकनाशकांच्या गटाचे वाचन यवतमाळ जिल्ह्यात बसून करणे सोपे नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. प्रश्न असा की, बीआरएसआरच्या नमुन्यात फवारणी करणाऱ्या मजुराची जागा कोणती. तो कंपनीचा कर्मचारी नाही, कामगार नाही, पुरवठादाराचा माणूसही नाही. नववे तत्त्व ग्राहकांविषयी आहे. पण औषध विकत घेतो शेतकरी आणि पंप पाठीवर घेतो बहुतेक वेळा रोजीने आलेला मजूर, जो ग्राहकही नाही. पहिल्या विभागात हितसंबंधीयांच्या तक्रारींचा एक तक्ता आहे, त्यात ‘समुदाय’ अशी ओळ असते. ओढूनताणून बसवायचे झाले, तर तो तेथे बसतो. मार्गदर्शक तत्त्वांच्या दृष्टीने पाहिले, तर कंपनीच्या उत्पादनाशी थेट जोडलेला परिणाम हा तिच्या जबाबदारीचाच भाग आहे. आम्ही या गटासाठी एक जादा प्रश्न ठेवला: उत्पादन प्रत्यक्ष हाताळणाऱ्या, पण ते विकत न घेणाऱ्या माणसाचा उल्लेख अहवालात कोठेही आहे का. सुरक्षा किट वाटप आणि प्रशिक्षण मेळाव्यांची छायाचित्रे भरपूर मिळतात. विषबाधेची नोंद घेण्याची पद्धत कोणी मांडली असेल, तर तिला वेगळे गुण द्यायचे.

११ मार्च

होळी दोन दिवसांवर आली. जिनिंगमधले परप्रांतीय कामगार हिशेब घेऊन गावी निघाले आहेत, त्यांपैकी काही परततील, काही नाही. त्यांच्याशी बोलायचे राहिलेले मुद्दे याच आठवड्यात संपवले. उचल वळती केल्यावर हातात किती पडले, याचे उत्तर देताना जवळजवळ प्रत्येकाने आधी मुकादम कोठे उभा आहे ते पाहिले.

आठव्या तत्त्वातील ग्रामीण वेतनाचा प्रश्न आज उरकला. एकूण वेतनखर्चापैकी ग्रामीण, निमशहरी, शहरी व महानगरी ठिकाणी किती टक्के जातो, हे रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीनुसार लिहायचे असते. दहा हजारांहून कमी लोकसंख्या म्हणजे ग्रामीण. कंत्राटी माणसे यात धरायची आहेत, ही जमेची बाजू. पण आकडा साऱ्या देशाचा एकत्र असल्यामुळे त्यातून विदर्भातील एकही गाव दिसत नाही. हीच तक्रार पाचव्या तत्त्वातील तपासणीच्या प्रश्नाबद्दल आहे. ‘किती टक्के कारखाने व कार्यालये तपासली’ याचे उत्तर पुष्कळदा शंभर टक्के येते, आणि तपासणी कंपनीने स्वतः केली, शासकीय यंत्रणेने केली की त्रयस्थाने केली, यांत नमुना भेद करत नाही. आम्ही तो भेद केला आहे.

१ एप्रिल

सेबीचे २८ मार्चचे परिपत्रक वाचले. पहिल्या २५० कंपन्यांसाठी मूल्यसाखळीचे प्रकटीकरण आता ऐच्छिक झाले असून ते एक वर्ष पुढे, २०२५-२६ वर गेले आहे. शिवाय ज्याच्याशी कंपनीची खरेदी किंवा विक्री मूल्याने किमान २ टक्के आहे, असाच भागीदार त्यात धरायचा. वर्षाला १,००० कोटींची खरेदी करणाऱ्या कंपनीसाठी हा उंबरठा २० कोटींचा होतो, आणि तोही थेट व्यवहाराचा. दलालांमार्फत अनेक गिरण्यांत विभागल्या जाणाऱ्या रुईची जिनिंग त्या उंबरठ्यावर कधी चढेल, असे दिवाणजींना वाटत नाही. आकडेमोड पाहता मलाही वाटत नाही. लहान पुरवठादारांवर कागदांचा बोजा पडू नये, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु मूल्याने लहान असलेला दुवा धोक्यानेही लहान असतो, हे गृहीतक कापसाच्या बाबतीत उलटे ठरते. मार्गदर्शक तत्त्वे धोक्याची तीव्रता पाहून प्राधान्य ठरवायला सांगतात. आम्ही आमच्या तक्त्यातला मूल्यसाखळीचा भाग काढणार नाही. ऐच्छिक असताना कोण सांगते, हेही एक मोजमापच आहे.

२२ एप्रिल

नोव्हेंबरपासून चाललेला वाद आज मिटला. कंपन्यांची क्रमवारी किंवा एकच एकत्रित अंक प्रसिद्ध करायचा नाही. प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी राहतील: प्रकटीकरणाचे गुण, छेदाची व्याप्ती, आणि तपासणी कोणी केली. कापड गटासाठी चौथा स्तंभ आहे, ज्यात जिनिंगपर्यंतच्या साखळीविषयी काही म्हटले आहे का ते येईल. सहकारी मुलीने शेवटी मान्यता दिली ती या अटीवर की, छेदाची व्याप्ती ठळक अक्षरांत आणि गुणांच्या आधी छापली जाईल. अट मला आवडली आणि स्तंभांचा क्रम त्याप्रमाणे बदलला. कामगारांची बोलणी अहवालात गावाच्या किंवा कारखान्याच्या उल्लेखाविना येतील.

सर्व कंपन्यांना त्यांचा भरलेला तक्ता आणि तीन प्रश्न पाठवण्याची पत्रे तयार आहेत. पहिला, संघटना व सेवानिवृत्ती लाभांच्या टक्केवारीत कंत्राटी कामगार धरले आहेत का. दुसरा, कंत्राटी कामगाराच्या दुखापतीची नोंद कोणाच्या वहीत होते. तिसरा, गेटपास रद्द झाल्यास त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची. उत्तरासाठी ३१ मेपर्यंत मुदत दिली आहे. जे उत्तर येईल ते शब्दशः छापू आणि न आल्यास तसा उल्लेख करू. पत्रे उद्या यवतमाळहून रजिस्टर पोस्टाने जातील, मराठी व इंग्रजी अशा दोन्ही प्रती एकत्र.